घोडीला गाय समजू नका : चार तट्टांचं वर्षभराचं पथ्यपाणी



शेळी, कोंबडी, म्हैस यांच्याबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोलतो. आज मात्र अशा जनावराबद्दल बोलणार आहोत, जे कुणाच्या दुधाच्या हिशेबात येत नाही आणि बाजारच्या हिशेबातही सहसा येत नाही. ते आहे आपलं तट्टू, आपली घोडी.

आपल्या मंठा तालुक्यात घोडी कुणाकडे असते? सोयाबीन निघालं, वावरं मोकळी झाली की मेंढपाळांचे वाडे येऊन बसतात, त्यांच्याकडे असते. वीटभट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबांकडे असते. वरातीला घोडी देणाऱ्या घरांत असते. कुणाकडे दोन, कुणाकडे चार-पाच. बचत गटाच्या कामानं आम्ही या सगळ्या घरांत जातो, आणि एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. घोडी घरच्या पुरुषाच्या नावानं ओळखली जाते, पण तिला पाणी दाखवणारी, तिच्या पाठीवर बिऱ्हाड चढवणारी आणि उतरवणारी बाईच असते.

मेंढपाळाच्या घरचंच बघा. गडीमाणूस मेंढरं घेऊन पुढं जातो. मागं बाई उरते, आणि तिच्यासोबत सगळा संसार. वाघर, भांडी, अंथरूण, पिठाचं गाठोडं, नुकती जन्मलेली कोकरं, कोंबड्या, कधीकधी वर बसवलेलं लेकरू. हे सगळं घोडीच्या पाठीवर जातं. ती घोडी आजारी पडली तर ते ओझं कुणाच्या डोक्यावर येतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून घोडीची तब्येत हा बाईच्या कामाचाच प्रश्न आहे, असं आम्ही मानतो.

ही जनावरं झपाट्यानं कमी होत आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3 लाख 40 हजार भरले. 2012 च्या मानानं ही घट जवळपास 45 टक्के होती. आपल्या महाराष्ट्राचं भीमथडी हे घोड्याचं जुनं वाण. शिवकाळापासून दख्खनच्या माळांवर वावरलेलं, लहान चणीचं, काटक. आता त्याची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. ते वाण टिकलं ते मुख्यतः मेंढपाळांच्या वाड्यांमुळं. म्हणजे ज्या बायांनी ती जनावरं रोज सांभाळली, त्यांच्यामुळं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. घोडी म्हणजे गाय नव्हे. आपल्या घरांत घोडीचे जे हाल होतात, त्यातले बरेचसे तिला गाईगुरांसारखं वागवल्यामुळं होतात.

गाय भराभर खाते, मग निवांत बसून रवंथ करते. घोडी रवंथ करत नाही. तिचं पोट एकच आणि अंगाच्या मानानं लहान असतं. चारा पचतो तो पुढं, मोठ्या आतड्यात. म्हणून तिला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं. सकाळी उपाशी राबवून रात्री एकदम टोपलंभर दाणा पुढं ठेवला, तर तो पचत नाही, आतच आंबतो. त्यात आणखी एक अडचण आहे. घोडीला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं चुकीचं अन्न ती बाहेर टाकू शकत नाही. मग पोट फुगतं आणि कळा येतात. या पोटशुळानं धडधाकट घोडी एका रात्रीत जाऊ शकते.

पोटशूळ ओळखायचा कसा? घोडी पुढच्या पायानं जमीन उकरते. सारखी मान वळवून कुशीकडे बघते. खाली बसते, उठते, लोळते. घाम फुटतो. आणि लीद बंद होते. निरोगी घोडी दिवसात आठ-दहा वेळा लीद टाकते. म्हणून सकाळी उठल्यावर आधी लीद बघा. ती पडलेली नसेल किंवा अगदी खडे झाले असतील, तर त्या दिवशी बिऱ्हाड हलवायच्या आधी घोडीकडे बघा.

अशा वेळी चारा काढून घ्या, शक्य असेल तर तिला सावकाश फिरवा आणि 1962 या नंबरवर फोन करा. हा नंबर फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आहे, त्याला पैसे पडत नाहीत. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. बाटलीनं तेल, ताक किंवा काढा घशात ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि पोटाचं दुखणं राहतं बाजूला, घोडी त्यानंच दगावते. डॉक्टर नाकातून नळी घालून औषध पोटात सोडतात. ते काम त्यांचंच.

हे पोटाचं लक्षात ठेवलं की बाराही महिन्यांचं पथ्य समजायला सोपं जातं. आपलं वर्ष मृगापासून सुरू होतं, तेव्हा पावसाळ्यापासूनच सुरुवात करू.

पावसाळ्यात पहिला घात करतो तो चिखल. आपली जमीन काळी, चिकट. त्या चिखलात घोडी दिवसरात्र उभी राहिली की खुराच्या तळव्याचा मधला मऊ भाग कुजतो, काळा पडतो, घाण वास येतो. घोडी पाय ठेवताना कचरते. यावर उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. घोडी बांधायच्या जागी चार घमेली मुरूम टाकून उंचवटा करा. रोज संध्याकाळी चारही पाय उचलून बोथट लोखंडी कांडीनं खुरातली माती काढा, खडे काढा. दर सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून खूर कापून घ्या. घोडी सगळी चालते खुरावर, तेव्हा खूर गेला म्हणजे घोडी गेली असंच समजा.

दुसरा घात कोवळ्या हिरव्याचा. उन्हाळाभर वाळकं खाल्लेल्या घोडीला पाऊस पडताच हिरव्यागार बांधावर मोकळं सोडलं, की पोटही बिघडतं आणि खुरांतही दाह होतो. खूर गरम लागतात, घोडी पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभी राहते, चालायला तयार होत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे आधी कडबा किंवा वाळकं गवत खाऊ घाला, मग थोडा वेळ हिरव्यावर सोडा आणि हा वेळ हळूहळू वाढवा. कोवळी ज्वारी, विशेषतः पावसानं ताण दिल्यावर सुकलेली, विषारी असते, हे आपल्याला गुरांमुळं माहीत आहे. घोडीलाही ती देऊ नका.

तिसरी गोष्ट बुरशी. भिजलेला, बुरशी लागलेला चारा गाय एखादवेळेस पचवून नेईल, घोडी नेत नाही. बुरशी लागलेल्या मक्यानं तर घोड्याच्या मेंदूला इजा होते. तेव्हा काळं पडलेलं कुटार किंवा मक्याचं खराब कणीस घोडीपुढं टाकू नका.

चौथी गोष्ट गोमाशी. रक्त पिणाऱ्या या मोठ्या माश्या एका जनावराकडून दुसऱ्याकडे सर्रा नावाचा रोग नेतात. पावसाळ्यात आणि पाऊस सरता सरता याचा जोर असतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घोडी खाते पण वाळत जाते. पोटाखाली, पायांवर सूज येते. डोळ्याच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसते. पुढं मागचा भाग डुलायला लागतो. रक्त तपासलं की हा रोग कळतो आणि वेळेत औषध दिलं तर घोडी वाचते. ताप येऊन गेला म्हणजे बरी झाली, असं समजू नका. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, लीद रोज उचलून लांब टाका.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाऊस संपल्यावर, असं वर्षातून दोनदा जंताचं औषध द्या. औषधाचं माप जनावराच्या वजनावर असतं. शेळीचं उरलेलं औषध अंदाजानं घोडीला पाजू नका.

दसरा झाला की काढणीचे दिवस येतात. वावरात सोयाबीनचे दाणे सांडलेले असतात, खळ्यावर ज्वारी-मक्याचा ढीग असतो. घोडी रात्री सुटली आणि ढिगाला लागली, तर सकाळी पोटशूळ ठरलेला. म्हणून या दिवसांत रात्रीचा पायबंद आणि दावं नीट बघून घ्या. दुसऱ्याच्या आखाड्यावर उतरला असाल तर तिथलं कोंबडीचं खाद्य किंवा गुरांचं तयार खाद्यही घोडीला चाखू देऊ नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला आणि गुरांना ते चालतं, पण घोड्याला थोडंही विषासारखं लागतं, थेट हृदयावर जातं.

हिवाळ्यात घोडी पाणी कमी पिते. बाहेर गार, पाणी गार, चारा मात्र सगळा वाळका. अशानं आतड्यात चारा घट्ट बसतो. पहाटेचं बर्फासारखं पाणी न देता ऊन चढल्यावर विहिरीचं ताजं पाणी दाखवा. दाण्यातून रोज दोन मोठे चमचे साधं मीठ द्या, म्हणजे तहान लागते. थंडीत घोडीला दाट केस येतात, ती कोरडी असेल तर थंडी सोसते. तिला त्रास होतो तो ओल्या अंगावरच्या वाऱ्याचा. कामावरून घामानं भिजलेली घोडी गोणपाटानं पुसून कोरडी करा आणि वाऱ्याच्या आडोशाला बांधा.

या दाट केसांखाली रोडावलेली घोडी लपून जाते. म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवू नका, हातानं तपासा. बरगड्यांवरून तळवा फिरवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येता कामा नयेत. घोडी चघळून चाऱ्याचे गोळे खाली टाकत असेल, तर तिच्या दाढांना धार आलेली असते. तिला खुराक वाढवून उपयोग नाही, डॉक्टरांकडून दाढा घासून घ्याव्या लागतात.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथला घोड्यांचा बाजार आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून किंवा कुठूनही नवी घोडी आणली, तर पहिले तीन आठवडे तिला आपल्या घोड्यांपासून लांब बांधा. तिची बादली आणि दावं वेगळं ठेवा. याला मोठं कारण आहे. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसाला होतो. नाकातून घट्ट, चिकट, पिवळट शेंबूड येतो, नाकात जखमा होतात, पायांवर आणि अंगावर गाठी येऊन फुटतात. असं काही दिसलं तर उघड्या हातानं नाक पुसायला जाऊ नका, लेकरांना जवळ जाऊ देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रक्ताची तपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जाते. या रोगावर उपचार करत नाहीत, रोग ठरला तर जनावराला कायद्यानं वेदनारहित मरण द्यावं लागतं, आणि त्याची भरपाई देण्याची तरतूद आहे. भरपाईचं माहीत नसल्यानं लोक रोग लपवतात. लपवला तर आधी घरातल्यांच्या जिवाशी खेळ होतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो. लहान चणीच्या घोडीला एरवी दिवसाला 15 ते 20 लिटर पाणी पुरतं, पण उन्हात काम करणारीला 30 ते 35 लिटर लागतं. म्हणजे मोठे दोन हंडे. चार घोड्यांचे आठ हंडे. हे पाणी कोण भरणार, हा प्रश्न घरात बसून सगळ्यांनी सोडवायचा आहे. मुक्काम ठरवताना मेंढरांच्या चाऱ्याइतकंच पाण्याचं अंतर विचारात घ्या.

ओझ्याबद्दलही बोलू. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 सालचे नियम आहेत. त्यात तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त 70 किलो ओझं सांगितलं आहे. सिमेंटची एक गोणी 50 किलोची असते, तेव्हा दोन गोण्या म्हणजे नियमाबाहेर. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 काम नाही, असंही त्यात आहे. भट्टीवर मुकादम घाई करत असेल तर हे नियम त्याला सांगता येतात.

ओझं दोन्ही बाजूंना सारखं बांधा. पाठीच्या कण्यावर थेट भार येऊ देऊ नका. गोणपाटाच्या दोन जाड वळकट्या करून कण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, मधे फट राहू द्या, त्यावर ओझं घ्या. ओझं उतरवल्यावर पाठीवर हात फिरवा. एखादी जागा गरम लागली, सुजली किंवा केस गेलेले दिसले, तर जखम व्हायच्या आधीच तिला दोन-चार दिवस मोकळं चालवा. उन्हानं घोडी धापा टाकायला लागली, घाम यायचा थांबला, तर ओझं उतरवून सावलीत न्या आणि अंगावर पाणी ओतत राहा. पाणी प्यायलाही द्या, थोडं थोडं.

घोडी गाभण असेल तर साधारण अकरा महिने धरा. शेवटच्या तीन महिन्यांत ओझं कमी करत न्या आणि खुराक वाढवा. शिंगरू जन्मल्यावर एक-दोन-तीन हा हिशेब ध्यानात ठेवा. एका तासात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत ते थानाला लागलं पाहिजे आणि तीन तासांत घोडीचा झार पडला पाहिजे. यातलं एकही झालं नाही तर लगेच डॉक्टरांना बोलवा. झार ओढून काढू नका. शिंगराच्या नाळेला आयोडीन लावा.

दोन लसींचं सांगतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. खिळा, काटा, तार लागलेली लहानशी जखमही पुरते. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि मग दरवर्षी एक, असं धनुर्वाताचं लसीकरण करून घ्या. दुसरी लस पिसाळीची. वाड्यावर कुत्री असतातच. कुत्रं चावलं तर जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. चावलेल्या घोडीच्या तोंडात हात घालू नका. दुखणं गुंतागुंतीचं असेल तर आपल्याला परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथं नेता येतं.

शेवटी पैशाचं. गटाच्या बैठकीत बाई शेळीसाठी कर्ज मागते, पिठाच्या गिरणीसाठी मागते. घोडीच्या औषधासाठी मागताना मात्र ती कचरते, कारण घोडी दूध देत नाही, मग परतफेड कशातून दाखवायची? आमचं म्हणणं असं की, घोडी बाईची मजुरी वाचवते. तिच्या पाठीवर जे ओझं जातं, ते भाड्याच्या टेंपोनं न्यायचं म्हटलं तर किती पैसे पडतील, ते एकदा बैठकीत लिहून काढा. आकडा समोर आला की तिची किंमत सगळ्यांना पटते. ज्या गटात घोडीवाल्या चार-पाच जणी आहेत, त्यांनी दरमहा थोडी वेगळी बचत ठेवावी. जंताचं औषध, लस, खूर कापणं एवढ्यासाठी ती पुरते, आणि नालबंद एकाच दिवशी सगळ्यांकडे आला तर खर्चही वाटून जातो.

राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विमा योजनेत घोडीचाही विमा काढता येतो. 2024 मध्ये सरकारनं या विम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा कमी करून 15 टक्क्यांवर आणला, बाकीचा वाटा सरकार भरतं. दवाखान्यात जाऊन विचारा. विमा घरातल्या बाईच्या नावानं काढा, तेही आवर्जून. आणि पशुगणनेला कुणी आलं की मेंढरांच्या पाठोपाठ घोड्याही मोजून द्या. जे जनावर कागदावर नाही, त्याच्यासाठी औषधही येत नाही आणि योजनाही येत नाही.

एवढं सगळं ऐकून घाबरून जाऊ नका. रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. सकाळी लीद बघा. पाणी किती प्यायली ते बघा. पाठीवरून आणि बरगड्यांवरून हात फिरवा. चारही खूर उचलून बघा. डोळे आणि नाक बघा. शंका आली तर थर्मामीटर गुदद्वारात लावा. 99 ते 101.5 फॅरनहाइटच्या मधे असेल तर ठीक, वर गेला तर ताप समजा. तोच हात रोज तीच जागा तपासत असला की बदल लगेच कळतो. आणि तो हात आपल्या घरांत बाईचाच असतो.

तुमच्या वाड्यावर, भट्टीवर, वस्तीवर घोडी असेल तर हा भाग शेजारणीलाही ऐकवा. काही विचारायचं असेल तर तुमच्या गटाच्या अध्यक्षाताईंकडे प्रश्न द्या, पुढच्या भागात पशुवैद्यकांना विचारून त्यांची उत्तरं घेऊन येऊ.